हळदीच्या पाटावरची पाटी

बाबा भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षाने घरी आले ते मांडीवर एक चपटा खोका सांभाळत, आणि जिना चढता चढताच त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "वनूची पाटी आली बरं का!" आमच्या घरात हळू कुणीच बोलत नसे. खालचा गाळा बाबांनी कापड विणणाऱ्या लूमवाल्यांना भाड्याने दिला होता आणि वर आम्ही राहायचो, त्यामुळे जमीन सतत बारीक थरथरत असायची. मांडणीतले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे, चहाच्या कपात आपोआप वलयं उठायची. या सगळ्यावर आवाज चढवून बोलायची आम्हाला इतकी सवय होती की शुक्रवारी लूम बंद असले तरी आम्ही तसेच ओरडायचो आणि मग आपल्याच आवाजाने दचकायचो. नात्यातल्या लोकांना वाटायचं की ही माणसं कायम भांडतच असतात. तशी आम्ही भांडायचोही, पण ती वेगळी गोष्ट.

खोक्यातून निघाली ती खरंच पाटीसारखीच वस्तू होती. करड्या रंगाची, गुळगुळीत, तिला एक वायर आणि बरोबर एक जाडसर पेन. आईने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "एवढ्या मोठ्या पोरीला पाटी-पेन्सिल? पुन्हा बालवाडीत घालताय काय तिला?" मी तिला समजावून सांगितलं की हे पेन पाटीवर फिरवलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण फिरतो, आणि पेन हलकं दाबलं की पडद्यावरची माती हलकी उचलते, जोरात दाबलं की खूप उचलते. कल्याणच्या क्लासमध्ये आम्हाला पडद्यावर मूर्ती घडवायला शिकवत होते. पडद्यावर एक गोळा येतो, तो ओढायचा, दाबायचा, कोरायचा, घासून गुळगुळीत करायचा. माती खरी नसते, बाकी सगळं खरं असतं. पण माऊसने ते करणं म्हणजे हातात बटाटा धरून रांगोळी काढण्यासारखं होतं. आमचे सर म्हणाले होते की तुझ्यासारख्या मुलीला पेनच पाहिजे. "तुझ्यासारख्या" या शब्दावर मी चांगली हवेत होते.

कारण माझा हात चांगला होता. हे मी आज म्हातारपणाकडे झुकताना नम्रपणे सांगायला हवं, पण नम्रपणा मला तेव्हाही जमत नव्हता. दर उन्हाळ्यात मी दिघाशीला आत्याकडे जायची. तिथल्या तळ्याच्या काठची चिकण माती मी तासन् तास मळत बसायची. बैल केले, कोंबड्या केल्या, शेजारच्या म्हाताऱ्याचं डोकं केलं तर त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. आत्याची मोडकी चूलसुद्धा मीच लिंपून द्यायची. "पोरीच्या हातात हाय," आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. काय हाय ते ती कधी सांगत नसे, पण मला ते पुरेसं होतं. अभ्यासात मी जेमतेम, दिसायला चारचौघींसारखी, स्वयंपाकात तर आईने हात टेकलेले. माझ्याजवळ जे काही होतं ते या दहा बोटांत होतं.

त्यातच अंधेरीच्या एका ॲनिमेशन स्टुडिओने आमच्या क्लासकडे विचारणा केली. जागा एकच होती. आमच्यातल्या तिघांना त्यांनी काम दिलं: पडद्यावर एका माणसाचं डोकं घडवायचं, कुणाचंही चालेल, आणि पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी सीडीवर घालून आणायचं. बाकीची दोन मुलं माऊसवरसुद्धा माझ्यापेक्षा सफाईने काम करायची. मला ती जागा हवी होती. अशी हवी होती की घास गिळताना मध्येच तिचा विचार येऊन घास अडकायचा. पाटी आली तेव्हा मला वाटलं, आता काय, झालंच काम.

बाबांना मात्र वेगळीच काळजी होती. घर हलतं, पाटी हलेल, पोरीची रेघ वाकडी जाईल. त्यांनी खालच्या नूरभाईंना बोलावलं. नूरभाई म्हणजे गाळ्यातले जॉबर, बिघडलेले लूम ठीक करणारे, बाबांचे जुने दोस्त. दोघांनी पाटीभोवती उभं राहून तिच्याकडे असं पाहिलं की जणू पायाच खणायचा आहे. मग भंगारातल्या एका लूमची बाजू कापून, तिला पाय जोडून, वर जाड लोखंडी पत्रा वेल्डिंग करून त्यांनी एक टेबल बनवलं. पायांखाली टायरचे तुकडे बसवले. ते वर चढवताना चौघेजण घामाघूम झाले. नूरभाईंनी त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. पाणी हललं नाही. "देखो," ते म्हणाले, "अब नीचे लूम चले या तोप चले." बाबांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. आईने टेबलाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पाटीवरही स्वस्तिक काढायला निघाली तेव्हा मी किंचाळून तिचा हात धरला. त्यावरून दुपारभर अबोला.

शोकेसमध्ये ठेवलेल्या कॉम्प्युटरला वायर जोडून मी पाटी त्या टेबलावर मांडली, पेन हातात घेतलं, आणि पडद्यावरचा बाण वेड्यासारखा उड्या मारू लागला. सुरुवातीला मी हसले. पेनवाल्या नवशिक्यांची एक खोड असते, ती मलाही होती: डोळे पडद्याकडे हवेत, ते हाताकडे जातात. मी स्वतःला दटावलं, मान वर ठेवली. तरी बाण थरथरायचा, मध्येच बोटभर बाजूला सरकायचा, एखाद्या कोपऱ्यात तर हटूनच बसायचा. नाक ओढावं तर गालावर टेंगूळ. डोळ्याची पापणी कोरावी तर कपाळावर खड्डा. आईने मागून डोकावून विचारलं, "काय गो, कांजण्या झाल्यात काय याला?" गल्लीतल्या बायका पाटी बघायला यायच्या, चहा प्यायच्या, पडद्यावरचं ते टेंगळाचं बोचकं बघायच्या आणि काहीच न बोलता जायच्या. त्यांचं न बोलणं मला जास्त लागायचं.

बाबांनी दोष लूमना दिला. टेबल हललं नाही तरी विजेत काहीतरी गडबड होत असेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे शुक्रवारची वाट बघायची. मीही त्या शुक्रवारवर सगळा भार टाकून बसले. शुक्रवार उजाडला, खाली सगळं शांत, पेले गप्प, रस्त्यावरच्या फेरीवाल्याची हाकसुद्धा स्पष्ट ऐकू येत होती. मी पेन टेकवलं. बाण तस्साच उडाला. त्या शांततेत मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. लूम नव्हते, विजेचा दाब ठीक होता, टेबल दगडासारखं होतं. उरला तो माझा हात. मला वाटलं, मातीत चालतो तो हात इथे चालत नाही, आणि बाहेरच्या जगात आता माती कुणाला नकोय. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नळ सोडायची गरज नव्हती खरं तर, आमच्या घरात रडणं एरवी कुणाला ऐकू गेलंच नसतं, पण तो शुक्रवार होता.

आता माझ्याकडे शिकायला मुलंमुली येतात. आता तर थेट काचेवरच रेघ काढायची सोय झाली आहे. तरी एखादी पोर अशीच रडवेली होऊन येते, "मॅडम, माझा हातच खराब आहे." मी तिच्या हाताकडे बघतच नाही. आधी टेबलाखाली वाकते. मुलांना वाटतं बाईंचं काहीतरी पडलं.

पाटी आली तो लग्नसराईचा मोसम होता, म्हणून आत्या आमच्याकडे मुक्कामाला आलेली होती. माझी आत्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत भटजींइतकाच मान धवलारणीचा. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गाते, त्यात नवरा-नवरीची, त्यांच्या आईबापांची नावं गुंफते, आणि ती गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. भिवंडीच्या आसपास तिला फार मागणी. उजव्या गालात पान धरून, तोंड थोडं तिरकं उघडून ती गायची, आणि आवाज असा की लूम चालू असतानाही खालचे कामगार मान वर करायचे. शुक्रवारनंतर मी पाटीला हातच लावत नव्हते. आत्याने ते पाहिलं, पण मला काही विचारलं नाही. आईला विचारलं. आई म्हणाली, "जमत न्हाय तिला." भिंतीपलीकडून मी ते ऐकलं.

आणि मग जवळा आला. खाडीवरून आईच्या ओळखीची कोळीण ताजा जवळा घेऊन आली आणि आईने नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा दुप्पट घेतला. तो गच्चीवर वाळत घालायचा तर शेजारची मांजरं टपलेली. आईची नजर माझ्या टेबलावर गेली. उंच, जड, गुळगुळीत पायांचं, मांजराला चढता येणार नाही असं. मी क्लासमधून परत आले तेव्हा टेबल जागेवर नव्हतं, पाटी जमिनीवर वायरीसकट पडलेली, आणि वरून जवळ्याचा वास घरभर पसरलेला.

"माझं टेबल!" मी ओरडले.

"तू कुठं बसतंस त्याच्यावर?" आई गच्चीवरूनच ओरडली. "चार दिस झाले, धूळ खातंय. जवळा तरी सुकूं दे."

मला असा संताप आला की वापरत नसलेल्या पाटीवर मला त्याच क्षणी काम करायचं होतं. तुम्ही जवळा वाळवा, मी इथेच बसते, जमिनीवर, भिकाऱ्यासारखी, बघा म्हणावं. पाटी खाली ठेवली तर फरशी थरथरत होती. कोपऱ्यात भिंतीला टेकवून हळदीचा पाट उभा होता. आमच्या घरातली प्रत्येक नवरी त्याच पाटावर हळदीला बसलेली, आत्या त्याच्यावर बसून या घरातून सासरी गेली होती, गल्लीतल्या कितीतरी जणी बसल्या होत्या. जाड सागाचा, हळद मुरून मुरून पिवळा झालेला. मी तो ओढला, त्याच्यावर पाटी आपटली आणि मांडी घालून बसले.

"आगं ए पोरी!" आत्या धावत आली. "हलदीचा पाट हाय तो! त्याच्यावर नवरी बसते. यंत्र न्हाय बसवायचं!"

मी पडद्याकडे बघत होते. बाण स्थिर उभा होता. मी पेन हलवलं, बाण हलला. थांबवलं, थांबला. श्वास रोखून मी गोळ्यावर एक रेघ ओढली, हलकी सुरू करून मध्ये दाबत पुन्हा हलकी, आणि पडद्यावर मातीची एक वळी उठली, दोन्ही टोकांना निमुळती, मधे भरलेली. चिकण मातीत अंगठा ओढल्यावर उठते तशीच. मी तिच्याशेजारी दुसरी ओढली. तिसरी. माझा हात होता. माझाच. कुठेही गेलेला नव्हता.

"आत्ये," मी म्हटलं, "मला हा पाट दे."

आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, पाटाकडे बघितलं. त्या पाटाबाबत गल्लीत तिचा शब्द शेवटचा होता, आणि तिने नाही म्हटलं असतं तर बाबांनीसुद्धा तो मला दिला नसता. "तुज्या आदी ह्या पाटीलाच हलद लागली म्हनायची," ती शेवटी म्हणाली, आणि पाटाखाली चिमूटभर तांदूळ सारून निघून गेली.

संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी टेबल गच्चीवरून खाली आणायला लावलं, जवळा झटकला, पाटी टेबलावर ठेवून पाहिली. बाण उडाला. पाटावर ठेवली. बाण शांत. पुन्हा टेबलावर, पुन्हा पाटावर. मग खालून नूरभाईंना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाटी पेनाला चुंबकाच्या खेळाने ओळखते आणि खाली एवढं लोखंड असलं की ती गोंधळून जाते, हे मला सरांनी नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी आम्हाला फक्त एवढंच दिसत होतं की लोखंड नको, लाकूड पाहिजे. नूरभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे यार, हमने तो इतनी मेहनत से दुश्मन बना के दिया!" बाबा आधी चिडले, मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते टेबल माझ्यासाठी केलं होतं. मला त्या क्षणी ते दोघेही फार आवडले. टेबल परत गच्चीवर गेलं आणि पुढे कायमचं जवळ्याचंच झालं.

आता कुणाचं डोकं करायचं हा प्रश्नच नव्हता. मी आत्याला समोर बसवलं. तिला गप्प बसता येईना, म्हणून म्हटलं, गा. ती गायला लागली आणि मी जमिनीवर बसून, मान वर करून, शोकेसमधल्या पडद्यावर तिचं तोंड घडवायला लागले. या सॉफ्टवेअरमध्ये सिमेट्री नावाची एक सोय असते. एका गालाला हात लावला की दुसऱ्या गालालाही आपोआप तसंच होतं, अर्ध्या कष्टात पूर्ण चेहरा. मी तसा चेहरा उभा केला, आणि तो सुबक झाला, आणि ती आत्या नव्हती. दुकानातली बाहुली होती. बराच वेळ बघत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आत्याच्या तोंडाच्या दोन बाजू सारख्या नाहीतच. मी ती सोय बंद केली. मग उजवा गाल फुगवला, पानाचा. तोंड तिरकं उघडलं. जड कुड्यांनी ओघळलेली एक कानाची पाळी लांबवली, दुसरी तशीच ठेवली. एक भुवई वर, उंच सूर लावताना जाते तशी. वीज गेली की मी चरफडायची, आली की पुन्हा बसायची. आई जेवायला वाढून हाका मारायची, आणि एकदा तर तिने तांदळाच्या भाकरीत जवळ्याची चटणी गुंडाळून माझ्या तोंडात घास कोंबला, कारण पेन हातातून सुटत नव्हतं.

सोमवारी स्टुडिओत आम्ही तिघे ओळीने बसलो. तिथल्या एका दाढीवाल्या सरांनी माझी सीडी घातली, पडद्यावर आत्या आली, आणि ते कपाळाला आठी घालून म्हणाले, "हा गाल असा का? सिमेट्री चालू करायला विसरलीस?"

"विसरले नाही सर, मुद्दाम बंद केली. त्या गालात पान आहे."

"आणि तोंड?"

"गातेय ती."

त्यांनी पडद्यावरचं डोकं एका बाजूला फिरवलं, मग दुसऱ्या, मग जवळ आणून कानाची पाळी बघितली. खुर्ची मागे सरकवून त्यांनी दोघा-तिघांना हाक मारली, "ए, इकडे या जरा." सगळे वाकून बघू लागले. एक जण म्हणाला, "काय गातेय ऐकू येईल असं वाटतं." माझे कान इतके गरम झाले की पुढचं मला नीट आठवत नाही. पुढच्या सोमवारपासून ये, एवढं मात्र लख्ख आठवतं. बाहेर आल्यावर बरोबरच्या दोघांपैकी एकाने माझा हात धरून जोरात हलवला. मी त्याला वडापाव खिलवला आणि स्वतः दोन खाल्ले.

घरी येऊन मी कुणाला काही सांगायच्या आत बाबांनी माझं तोंड बघून जिन्यातूनच ओरडायला सुरुवात केली. नूरभाई लूम बंद न करताच वर आले. मी आत्याला पडद्यासमोर बसवलं आणि तिचं डोकं सावकाश फिरवलं. समोरून बघून ती हसली, "मी अशी म्हातारी?" मग मान फिरत फिरत अंबाडा आला, मानेवरचे सुटे केस आले, कानामागची सुरकुती आली. तिने बोट पुढे करून काचेला लावलं. "मी माजी पाठमोरी कदी बगितलीच न्हाय गो," ती म्हणाली. "सगल्यांनी बगितली, मीच न्हाय."

कामावर जायच्या पहिल्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते. आत्याने मला हाताला धरून आत नेलं. पाटावरची पाटी तिने उचलून बाजूला ठेवली, स्वतःच्या पदराने पाट पुसला आणि मला त्यावर बसवलं. "आत्ये, उशीर होतोय," मी म्हटलं. "बस," ती म्हणाली. आई दारात पिठाचे हात घेऊन उभी, बाबा तिच्यामागे. आत्याने पान गालात सारलं आणि हळदीचा धवला सुरू केला, जो ती लग्नाशिवाय कुठेही, कुणासाठीही गात नसे. त्यात माझं नाव आलं. आईचं नाव आलं, बाबांचं आलं. मग ओळ नवऱ्याच्या नावाशी येऊन ठेपली आणि आत्या थांबली. खाली लूम चालू होते, पेले किणकिणत होते. तिने इकडेतिकडे बघितलं, तिची नजर बाजूला ठेवलेल्या पाटीवर गेली, आणि तिने उंच सुरात नवऱ्याच्या नावाच्या जागी पाटीचं नाव घातलं.

सगळे हसले. मी हसता हसता रडले, आणि या वेळी नळ सोडायला गेले नाही. पुढे काही वर्षांनी मी त्याच पाटावर रीतसर हळदीला बसले, आणि तोपर्यंत थकलेल्या आत्याने तोच धवला गायला. नवऱ्याचं नाव घेण्याआधी ती पुन्हा क्षणभर थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. उष्टी हळद घेऊन आलेल्या सासरच्यांना वाटलं, बाई नवऱ्याचं नाव विसरली.